काडतुसाची मुरड

आता मराठी बऱ्यापैकी वाचता येतं असं तू म्हणतेस, म्हणून हे मराठीतच लिहिते आहे. धाकट्या भावालाही वाचून दाखव. दोन ओळी झाल्या की तो "थोडक्यात सांग ना" म्हणेल. सांगू नकोस, पूर्ण वाच. या गोष्टीतला तुझ्याकडचा भाग तुला ठाऊक आहे. इथे घाटकोपरच्या घरात त्या दोन महिन्यांत काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. शिवाय त्यात एक चूक माझी होती, आणि ती मी तुझ्यापाशी अजून नीट कबूल केलेली नाही.

गेल्या हिवाळ्यापासून आजोबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा कंप वयाचा आहे, काही वाईट आजाराचा नाही, हात वापरत राहा. आजोबांनी नेमकं उलट केलं. दाढीचा वस्तरा गेला, त्याच्या जागी विजेचं मशीन आलं. चहाचा कप मी अर्धाच भरू लागले. पण मला खरं कळलं ते कुकरच्या दांड्यामुळे. दांड्याचा स्क्रू सैल झाला होता. मी नेहमीप्रमाणे कुकर त्यांच्यापुढे ठेवला, तर म्हणाले, "खाली कुणीतरी असेल, त्याला सांग."

ज्या माणसाने साकीनाक्याच्या गाळ्यात चाळीस वर्षं पितळेला-पत्र्याला आकार देणारे डाय आणि पंच बनवले, त्याने एका स्क्रूसाठी दुसरा माणूस बोलवायला सांगितलं. मी कुकर तसाच वापरत राहिले. दांडा हलायचा, मी फडक्याने धरायचे. दुसऱ्या कुणाला तो स्क्रू आवळू द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं.

तुला आठवत असेल, ते सगळं थाऊमध्ये मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझा एक केस मोजून दाखवलं होतं. इतरांचे नवरे काय काय बोलायचे, माझ्या नवऱ्याने माझा केस मोजला. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी स्वल्पविरामावरून ओरडायचे आणि ते थाऊवरून. आमचं जमलं.

आता तो रविवार. इथे सकाळ होती, तिकडे तुझी शनिवारची संध्याकाळ. आपला नियम तुला ठाऊक आहेच: आजोबांशी बोलताना मराठी, आकडेसुद्धा मराठीत. त्यांना इंग्रजी येत नाही अशातला भाग नाही. तुझे उच्चार पकडताना त्यांची दमछाक होते आणि मग ते नुसती मान डोलावतात. नियम माझा होता आणि मी तो कडक पाळून घ्यायचे.

तू विद्यापीठाच्या क्लबमध्ये रायफल चालवायला लागल्यापासून मी त्या विषयावर "जपून गं" याच्या पलीकडे बोलत नव्हते. त्या दिवशी तू कॅमेऱ्यासमोर एक पितळेची नळी धरलीस, बोटभर लांब, एका बाजूला निमुळती. मी खुर्ची मागे ओढली. तू म्हणालीस, "आजी, रिकामी आहे गं. पुंगळी." हा शब्द तू कुठून उचललास कोण जाणे.

"आजोबा, तुम्हाला पितळेचं कळतं ना?"

"इतकी वर्षं त्याच्याशीच भांडलोय. दाखव."

मग तू समजावून सांगितलंस, अडखळत, पण व्यवस्थित. काडतुसाच्या या पुंगळीच्या बुडाशी एक लहानशी टोपी बसवलेली असते, तिच्यावर घाव बसला की बार उडतो. गोळी झाडून झाल्यावर ती टोपी निकामी होते. पुंगळी चांगली असेल तर ती पुन्हा भरता येते: हाताच्या दाबयंत्रावर जुनी टोपी आतून सुईने ढकलून काढायची, पुंगळी धुवायची, मोजायची, नवी टोपी बसवायची. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात धुतेस हे ऐकून मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या चिंच-मिठाचीच बहीण. पण तू घेतलेल्या पुंगळ्या सैन्याच्या होत्या. त्यांच्यात टोपीच्या कडेने पितळ चेपून बसवलेलं असतं, धक्क्यांनी टोपी निसटू नये म्हणून. ढकलताना तुझ्या दोन सुया मोडल्या होत्या. आणि टोपी निघाली तरी ते चेपलेलं कडं तसंच राहतं, त्यात नवी टोपी अडकून चुरगळते.

"तो क्रिम्प आधी काढावा लागतो," तू म्हणालीस.

"काय काढावं लागतं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. "आजी, क्रिम्पला मराठीत काय?"

मी एकतीस वर्षं मुलांना शब्द दिले, पण हा कुणी विचारला नव्हता. शब्दकोशाकडे जायच्या आधी माझी बोटंच हलली, अंगठा आणि तर्जनी, कानवल्याची कडा दुमडतात तशी.

"मुरड," मी म्हटलं. "कानवल्याला घालतो ना, सारण बाहेर येऊ नये म्हणून. ती मुरड."

आजोबा हसले. कित्येक आठवड्यांनी हसले. "म्हणजे सैन्याने कानवले तळलेत आणि आमची नात मुरड उसवत बसली आहे. अगं, माझा चष्मा दे."

चष्मा मागितला, तिथेच मी सावध झाले. तुला कदाचित जाणवलं नसेल. तुझ्याशी बोलताना ते नेहमी मागे टेकून बसायचे, त्या दिवशी टेबलाशी सरकले.

"बाकीचे लोक काय करतात?"

"कापतात. एक पातं मिळतं, हाताने फिरवायचं. माझ्याकडे आहे. पण एखाद्यात जास्त कापलं जातं, मग टोपी सैल बसते आणि पुंगळी वाया."

"पितळ कापायचं कशाला? ते मऊ असतं, सांगितलेलं ऐकतं. गोल टोकाचा पंच त्या भोकात दाबला की मुरड आपली आपण मागे सरेल. कीसही पडणार नाही."

"तसलंही मिळतं, आजोबा."

"मिळतं ते सगळ्यांसाठी असतं. तुझ्या त्या दाबयंत्राचा फोटो पाठव. आणि एक पुंगळी पाठवून दे."

पुंगळीला मी नको म्हटलं. रिकामी असली तरी इथल्या विमानतळावर दहा प्रश्न विचारतात. आजोबा म्हणाले, "बरं. न बघता करू. भोक केवढं हवं ते सांग फक्त."

तू बोटांवर काहीतरी मोजलंस, छताकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "एकशे पंच्याऐंशी."

"थाऊ?"

"थाऊ."

"लिहून घे गं," ते मला म्हणाले, आणि मी फोनशेजारच्या वहीत लिहिलं: रविवार, भोक, १८५.

त्यांचा गाळा आता त्यांचा जुना कारागीर चालवतो. मालवणकडचा आहे, सतराव्या वर्षी आला आणि आता त्याचे केस आजोबांहून पांढरे झाले आहेत. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही मेट्रोने साकीनाक्याला गेलो. तीनच स्टेशनं, तरी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लेथ जरा वेळ वापरू का, असं त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, लेथ तुमचीच. माका कित्याक इचारतास? नायतर तुमी बसा, मी धा मिनटात काढून देतंय."

"तुला दहा मिनिटं लागतील, मला दोन तास. तू चहा सांग. आणि अर्धा सांग."

मी दारापाशी स्टुलावर बसले. हातात पुस्तक होतं, एक पान उलटलं नाही. त्यांचा हात लेथच्या चाकाकडे जाईपर्यंत कापत होता. चाकाच्या मुठीवर पडला तेव्हा पुष्कळसा थांबला. पूर्ण नाही. पोलादाची पहिली दांडी बिघडली. दुसरी बिघडली, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून जरा उभे राहिले. कारागिराने तिसरी दांडी कापून ठेवली आणि बाहेर बिडी ओढायला गेला. त्या माणसाला कधी बाहेर जावं ते बरोबर कळतं.

तिसरी झाली. मग तिला पाणी पाजलं. तुला नवं असेल म्हणून सांगते: पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवतात, की ते कडक होतं. त्याला पाणी पाजणं म्हणतात, पाजतात मात्र तेल. चर्र झालं, जळक्या तेलाचा वास आला, आणि मला एकदम आमच्या लग्नानंतरची पहिली वर्षं आठवली. हाच वास त्यांच्या कपड्यांना असायचा आणि मी तक्रार करायचे.

घासूनपुसून झाल्यावर त्यांनी मायक्रोमीटर काढला, माप घेतलं, डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. कारागीर म्हणाला, "दिया शेठ, मी वाचतंय."

"मी वाचलंय," आजोबा म्हणाले आणि डबी मिटली.

तो पंच जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तुला पाठवला. पुढचे तीन आठवडे ते रोज विचारायचे, आज कुठे पोचला. तुझा कसला क्लब आहे, तिथे मुली किती, सगळं विचारायचे. दाढी एकदा वस्तऱ्याने केली, हनुवटीला कापलं, मी कापूस दिला.

मग तो रविवार आला, ज्याच्याविषयी आपण दोघी बोलत नाही. तू म्हणालीस, "छान चालतंय, आजोबा." आणि तेच पुन्हा एकदा इंग्रजीत म्हणालीस. गृहपाठ न करता आलेली मुलं असंच म्हणायची, एकदा विचारलं तर दोनदा "झालाय बाई".

"दाखव," आजोबा म्हणाले.

"आत्ता?"

"मग काय पुढच्या दिवाळीला? एक पुंगळी घे."

तू घेतलीस. दाबयंत्राची दांडी ओढलीस, मुरड सपाट झाली. नवी टोपी बसवलीस आणि पुंगळी हातातच धरून राहिलीस. ते म्हणाले, "उलटी कर." तू उलटी केलीस. टोपी टपकन टेबलावर पडली आणि घरंगळत गेली. तुझ्या आणि आमच्या मध्ये सात समुद्र असतील, तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात पडल्यासारखा ऐकू आला.

"माझ्याकडूनच जास्त दाबलं गेलं असणार," तू म्हणालीस.

"नाही बाळा. भोक रुंद झालंय, म्हणजे पंचच जाड आहे. आजोबांचा हात गेला." आणि ते उठून आत गेले.

त्यानंतरचे दिवस तुला मी सांगितले नाहीत. त्यांनी मायक्रोमीटरची डबी मला माळ्यावर ठेवायला लावली. "तो गाळ्यातला आला की देऊन टाक त्याला," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सौम्य झाले होते, जेवणाला नावं ठेवीत नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

गुरुवारी वहीची पानं चाळताना त्या आकड्यावर माझी नजर थांबली. शिक्षिकेची खोड, निकाल चुकला की पेपर पुन्हा तपासायचा. मी संगणकावर बसले आणि तुझ्या पुंगळीच्या टोपीचं भोक केवढं असतं ते शोधलं. बंदुकांविषयी इतकं मी जन्मात वाचलं नव्हतं. उत्तर आलं, एकशे पंच्याहत्तरच्या आसपास.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि मला आजोबांची पंच्याहत्तरी आठवली. केक कापताना तू फोनवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होतीस, "आजोबा, पंच्याऐंशीच्या शुभेच्छा." सगळे हसले होते. आजोबा म्हणाले होते, "बघा, नातीने दहा वर्षं वरची दिली."

त्या दिवशी मी तुला अवेळी फोन केला आणि इंग्रजीत बोलले. तू घाबरलीस, कुणाला काही झालं का म्हणालीस. मी म्हटलं, "तो पंच मोज."

"आजी, नको."

"का?"

"मोजला की कळेल ना, किती चुकलंय ते. मला कळून घ्यायचं नाही."

"मला घ्यायचंय. मोज."

खण उघडल्याचा आवाज आला. मग तू इंग्रजीत आकडा वाचलास, एकशे पंच्याऐंशी. मी म्हटलं, पुन्हा मोज, दुसरीकडे मोज. तू तीन ठिकाणी मोजलंस. तिन्ही ठिकाणी एकच आकडा, थाऊचाही फरक नाही.

"आणि तुला हवं होतं किती?"

तू सांगितलंस, इंग्रजीतच. मी वहीतलं वाचून दाखवलं, एकशे पंच्याऐंशी. तू हळूच म्हणालीस, "पण मी तर तेच सांगितलं होतं. पंच्या... आजी, पंच्याऐंशी म्हणजे किती?"

ही माझी चूक. तुला त्या दिवशी इंग्रजीत आकडा सांगू दिला असता तर हे काहीच झालं नसतं. शिकवणाऱ्याने नियम करताना समोरच्याला काय येतं ते बघायचं असतं, आणि मी ते बघितलं नाही. सत्तरनंतरचे मराठी आकडे मोठ्यांनाही चकवतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आजोबा गॅलरीत कबुतरांच्या जाळीकडे बघत बसले होते. मी जाऊन सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "तू माझी समजूत काढतेस."

"अहो, बावन्न वर्षांत कधी काढली का? आता कशाला सुरू करीन?"

मी तू पाठवलेला फोटो पुढे केला. मोजायच्या कॅलिपरच्या जबड्यात पंच, वर आकडा. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करायचा प्रयत्न केला, पण बोटं थरथरत होती, फोटो इकडेतिकडे उडत होता. मी फोन धरला, मीच मोठा केला. ते पुष्कळ वेळ बघत होते.

"तिन्हीकडे हाच आकडा?"

"तिन्हीकडे."

"मग पंच बरोबर आहे."

"हो."

"भोक चुकलं."

"भोक नाही, मी चुकले. मराठीचा हट्ट माझा होता."

"तू जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास. एक तुझी निघाली, बरं झालं, हिशेब जुळला." आणि मग, "माळ्यावरून ती डबी काढ."

या वेळी मी आकडा इंग्रजी अंकांत लिहिला, तुला फोटो पाठवला आणि तुझा होकार आल्यावरच त्यांना वहीचं पान दिलं. साकीनाक्याला पुन्हा गेलो. एकच दांडी वाया गेली. माप घेतल्यावर त्यांनी मायक्रोमीटर कारागिराकडे दिला, न मागता. तो म्हणाला, "एकशे पंच्याहत्तर. शेठ, ह्या वक्ताक चाय पूर्ण सांगू?"

"अर्धाच सांग," आजोबा म्हणाले. "शर्ट इस्त्रीचा आहे."

त्याच संध्याकाळी मी कानवले केले. आपल्याकडे मुलगी घरून निघाली की मुरडीचे कानवले देतात. मुरडणं म्हणजे मागे वळणं. मुरड खाऊन गेलेली मुलगी मागे वळून येते, असा समज. मागच्या वेळी तू गेलीस तेव्हा सामानाच्या वजनाच्या गडबडीत ते राहून गेले आणि तुला दुकानातले लाडू दिले. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण ती रुखरुख दोन वर्षं राहिली. आजोबा ओट्याशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "कमाल आहे. मुरड काढायला मी हत्यार पाठवतोय आणि तू मुरड घालून पाठवतेस."

"तुमची पितळेची, माझी मैद्याची," मी म्हटलं.

तुझ्यापर्यंत कानवल्यांचा चुरा पोचला. तू फोटो पाठवलास, खाली लिहिलंस: सारण सांडलंय पण सगळ्या कडा शाबूत आहेत. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.

पुढच्या रविवारी तू पंच लावलास, दाबलंस, टोपी बसवलीस, पुंगळी उलटी केलीस. काही पडलं नाही. टेबलावर आपटलीस, तरी नाही. आजोबा म्हणाले, "अजून एक." तू अकरा केल्यास आणि त्यांनी अकराही पाहिल्या, मागे न टेकता. माझी भाजी करपली.

हात अजून थरथरतो. कप मी अजून अर्धाच भरते. पण त्या रविवारी संध्याकाळी डाळ लावायला कुकर उचलला तर दांडा हलला नाही. फडकं तसंच हातात राहिलं. कुणी आवळला, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता एक काम सांगते. तो पहिला पंच, एकशे पंच्याऐंशीचा, टाकू नकोस. आजोबा म्हणतात त्यात काही खोट नाही, त्याच्या मापाचं भोक फक्त कुठेतरी दुसरीकडे आहे. येशील तेव्हा घेऊन ये, पोलादाच्या एवढ्याशा तुकड्याला विमानतळावर कुणी काही विचारणार नाही. चूक माझी होती, तेव्हा तो माझ्या खणात राहू दे, खडूंच्या जुन्या डबीशेजारी. आणि येण्याआधी सत्तर ते नव्व्याण्णव एकदा म्हणून बघ. तुझ्या भावाकडूनही म्हणून घे. अडलात तर इंग्रजीत विचारलं तरी चालेल.